कुत्र्याची ठेवण : प्रदर्शनातल्या शब्दांमागचे शरीरशास्त्र

बैलबाजारात खोंड पाहायला आलेला जाणता शेतकरी आधी थोडा लांब उभा राहतो. मग जवळ जाऊन वशिंडावर हात ठेवतो, गळ्याखालची पोळी पाहतो, पुठ्ठा चाचपतो, तोंड उघडून दात पाहतो, खूर उचलून पाहतो आणि शेवटी मालकाला सांगतो, "जरा चालवून दाखवा." यानंतर तो दोन-चार शब्दांत जे मत देतो ते शेजारच्या शेतकऱ्याला नेमके कळते. शहरातून आलेल्या पाहुण्याला मात्र त्यातले काहीच कळत नाही.

कुत्र्यांच्या प्रदर्शनातला परीक्षकही जवळजवळ हेच करतो. तो कुत्र्याला बाजूने, समोरून आणि मागून पाहतो, अंगावरून हात फिरवतो, ओठ वर करून दात पाहतो आणि मग कुत्र्याला धाववून घेतो. त्याचे शेरेही असेच बाहेरच्याला न कळणारे असतात : 'स्टॉप ठळक, पाठीची रेषा सरळ, पुढचे अँग्युलेशन कमी, पेस्टर्न ढिले, मागून पाहता काऊ-हॉक.' हे शब्द ऐकून पुष्कळांना वाटते की हा श्रीमंतांच्या छंदातला बडेजाव आहे. तसा थोडा बडेजाव त्यात आहे, हे खरे. परंतु त्यातला प्रत्येक शब्द एखाद्या हाडाचे, सांध्याचे किंवा स्नायूचे वर्णन असतो. हे शब्द समजले की सस्तन प्राण्यांच्या सांगाड्याचा निम्मा धडा समजतो, असे म्हणायला हरकत नाही.

शरीराच्या अशा एकूण बांधणीला इंग्रजीत 'कन्फॉर्मेशन' म्हणतात. आपल्याकडे त्याला 'ठेवण' हा चांगला शब्द आहे. या लेखात आपण तोच वापरू.

शब्द आले कोठून?

कुत्र्यांचे पहिले मोठे प्रदर्शन इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जून १८५९ मध्ये भरले. त्यात पॉइंटर आणि सेटर या दोनच प्रकारचे शिकारी कुत्रे होते आणि बक्षीस म्हणून बंदुका होत्या. पुढे १८७३ साली लंडनमध्ये 'केनेल क्लब' स्थापन झाला. कोणत्या जातीचा कुत्रा कसा असावा हे लिहून ठेवण्याची पद्धत याच काळात रुजली. या लेखी वर्णनाला 'मानक' म्हणतात. प्रदर्शनात एक कुत्रा दुसऱ्याशी ताडून पाहिला जात नाही. प्रत्येक कुत्रा त्याच्या जातीच्या मानकाशी ताडला जातो. त्यामुळे मानकातला शब्द फार महत्त्वाचा ठरतो. तो किती महत्त्वाचा ठरतो, हे पुढे कवटीचा विषय निघेल तेव्हा दिसेल.

मानके लिहिणारी बहुतेक माणसे घोडे बाळगणारी होती. त्यांनी घोड्याच्या अंगाचे शब्द जसेच्या तसे कुत्र्याला लावले. 'विदर्स', 'हॉक', 'स्टायफल', 'पेस्टर्न', 'क्रूप' हे सारे शब्द तबेल्यातले आहेत.

तुमची टाच कोठे आहे?

कुत्र्याच्या मागच्या पायाकडे बाजूने पाहा. त्याचा गुडघा उलटा, म्हणजे मागच्या बाजूला वाकलेला आहे, असे वाटते. वर्गात विचारले तर दहापैकी आठ मुले तरी असेच सांगतील. खरा प्रकार वेगळा आहे आणि तो स्वतःच्या शरीरावर पाहता येतो.

मोकळ्या जागेत उभे राहा. दोन्ही टाचा उचलून चवड्यांवर या. आता गुडघे थोडे वाकवा, कमरेतून पुढे झुका आणि हातांची बोटे जमिनीवर टेका. तळहात टेकू नका. तुम्ही आता साधारण कुत्र्यासारखे उभे आहात. तुमची टाच हवेत आहे आणि तिचे टोक मागे आले आहे. कुत्र्याच्या पायावर मागे टोकदार दिसणारा जो सांधा, तो हाच. त्याला 'हॉक' म्हणतात. तो गुडघा नसून घोटा आहे. खरा गुडघा वर, पोटाच्या कडेला कातडीत अर्धा लपलेला असतो. तो आपल्यासारखाच पुढे वाकतो आणि त्याला 'स्टायफल' हे नाव आहे. हॉकपासून पंज्यापर्यंतचा उभा भाग म्हणजे आपल्या तळपायाची लांब हाडे. त्याला 'मागचा पेस्टर्न' म्हणतात. सारांश, आपण तळपायावर चालतो, तर कुत्रा बोटांवर चालतो.

पुढच्या पायाचेही तसेच. छातीला चिकटून दिसतो तो कोपर. त्याखाली सरळ उतरलेला भाग म्हणजे आपला हात कोपरापासून मनगटापर्यंत. मग मनगट, आणि मनगटाखाली तळहाताच्या हाडांचा 'पुढचा पेस्टर्न'. आतल्या बाजूला जमिनीला न टेकणारे एक नख दिसते. तो कुत्र्याचा अंगठा, म्हणजे 'ड्यूक्लॉ'. मागच्या पायाला तो बहुधा नसतो. पण फ्रान्समधील बोसरॉन या मेंढपाळी कुत्र्याच्या मानकात मागच्या पायाला असे दोन-दोन अंगठे असलेच पाहिजेत असे म्हटले आहे! त्यांचा उपयोग काय, हे विचारू नये. जातीची खूण म्हणून ते राखले जातात.

पुढचा पेस्टर्न अगदी उभा असावा की किंचित तिरपा? उंच भिंतीवरून उडी मारताना आपण गुडघे ताठ ठेवले तर डोक्यापर्यंत हिसका बसतो. ते वाकवले तर बसत नाही. पेस्टर्नचा थोडा तिरपेपणा हेच काम करतो. म्हणून लांब पल्ला चालणाऱ्या मेंढपाळी कुत्र्यांत तो तिरपा मागितला जातो आणि फॉक्स टेरियरसारख्या जातींत जवळजवळ उभा. तिरपेपणा जास्त झाला की परीक्षक 'पेस्टर्न ढिले' असा शेरा देतो. पंजाचेही दोन प्रकार सांगतात. बोटे आखडून गोल झालेला तो मांजरपंजा, आणि मधली दोन बोटे लांब असलेला तो ससापंजा.

आता 'काऊ-हॉक'. कुत्र्याला मागून पाहिले असता दोन्ही हॉक एकमेकांकडे झुकलेले आणि पंजे बाहेर वळलेले दिसले, म्हणजे तो काऊ-हॉक. गाय मागून पाहिली की हे नाव का पडले ते लगेच कळते. गाईला त्याने काही बाधत नाही. धावणाऱ्या कुत्र्यात मात्र पायाचा जोर सरळ पुढे न जाता वाकड्या वाटेने जातो, म्हणून तो दोष मानतात.

खांदा : पंचेचाळीस अंशांची गोष्ट

आपल्या गळ्याखाली दोन बाजूंना आडवी हाडे हाताला लागतात. त्यांना हासळीची हाडे म्हणतात. आपला खांदा त्यांच्यामुळे छातीच्या पिंजऱ्याशी हाडाने जोडलेला असतो. कुत्र्यात हे हाड जवळजवळ नसतेच. त्याचे खांद्याचे फाळके धडाला केवळ स्नायूंनी बांधलेले असते. दोन खांबांना बांधलेल्या झोळीत जसे मूल असावे, तशी त्याची छाती दोन पुढच्या पायांमध्ये टांगलेली असते. उभ्या कुत्र्याच्या वजनापैकी सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. हा भार दर पावलाला ही झोळीच झेलते.

खांद्याचे फाळके आणि त्याखालचे दंडाचे हाड यांच्यात जो कोन होतो, त्याला 'पुढचे अँग्युलेशन' म्हणतात. तसेच मांडी, नडगी आणि मागचा पेस्टर्न यांमधल्या कोनांना 'मागचे अँग्युलेशन'. पुढचे आणि मागचे कोन एकमेकांना जुळते असावेत, नाही तर मागचा पाय लांब टांग टाकतो आणि पुढच्याला तेवढी टाकता येत नाही.

इथपर्यंत सारे ठीक आहे. पण विसाव्या शतकातल्या अनेक पुस्तकांनी एक आकडा पक्का करून टाकला होता. फाळके जमिनीशी ४५ अंशांत असावे आणि दंडाशी त्याचा काटकोन व्हावा, असा हा नियम. घोड्याच्या बांधणीवरून आणि कागदावरच्या भूमितीवरून तो आला होता. कितीतरी परीक्षकांनी हा कोन आपल्याला डोळ्यांनी दिसतो असे मानले. अमेरिकेतील रेचल पेज एलियट या बाईंचे 'डॉगस्टेप्स' हे कुत्र्यांच्या चालीवरचे पुस्तक १९७३ साली निघाले. चालत्या कुत्र्यांची क्ष-किरण चलच्चित्रे घेऊन त्यांनी पाहिले, तेव्हा नीट चालणाऱ्या कुत्र्यांची फाळकी या नियमापेक्षा बरीच उभी निघाली.

पुढे जर्मनीतील येना विद्यापीठात मार्टिन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३२ जातींच्या ३२७ कुत्र्यांची चाल अतिवेगवान कॅमेऱ्यांनी आणि क्ष-किरणांनी टिपली. हे काम २०११ साली पुस्तकरूपाने आले. त्यात दिसले ते असे, की चालताना फाळके त्याच्या वरच्या कडेभोवती लंबकासारखे झुलते. पुढच्या पायाची टांग मुख्यतः या झुलण्यातून येते. दंडाच्या सांध्याचा वाटा त्या मानाने थोडा असतो. म्हणजे पुढच्या पायात मांडीचे काम फाळके करते! उभ्या कुत्र्याचा एक कोन मोजून त्याच्या चालीचे भाकीत करणे किती अवघड आहे, हे यावरून कळते. असे असूनही ४५ अंशांचा नियम अजून पुष्कळ ठिकाणी सांगितला जातो. छापलेला आकडा पुसणे फार कठीण असते.

पाठ, पोट आणि कारवानी कुत्रा

कुत्र्याची उंची डोक्यापर्यंत मोजत नाहीत, कारण डोके वर-खाली होते. मान जेथे पाठीला मिळते तेथे दोन फाळक्यांच्या टोकांमध्ये एक उंचवटा लागतो. तो 'विदर्स'. जमिनीपासून तेथपर्यंतचे अंतर म्हणजे कुत्र्याची उंची. छातीच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतचे अंतर म्हणजे लांबी. दोन्ही सारखी असली तर कुत्रा 'चौरस' म्हणायचा. बॉक्सर तसा असतो. अल्सेशियन, म्हणजे जर्मन शेफर्ड, उंचीपेक्षा थोडा लांब असतो. लांबी १० मानली तर उंची साडेआठ ते नऊ. डॅक्सहुंडची लांबी तर उंचीच्या जवळपास दुप्पट भरते. बिळात शिरून बिज्जूसारख्या प्राण्याला बाहेर काढण्यासाठी जर्मनीत ही जात तयार झाली.

डॅक्सहुंडचे आखूड पाय कशामुळे, हे २००९ साली समजले. कुत्र्यात 'एफजीएफ-४' नावाचे जनुक आहे. त्याची एक जादा प्रत गुणसूत्रावर भलत्याच जागी जाऊन बसली आहे आणि त्यामुळे हाडांची लांबी वाढणे लवकर थांबते. २०१७ साली अशीच आणखी एक जादा प्रत दुसऱ्या गुणसूत्रावर सापडली. तिचा संबंध मणक्यांमधल्या चकत्या लवकर कडक होऊन सरकण्याशी आहे. 'लांब आणि बुटका' हे मानकातले दोन साधे शब्द. पण पाठीच्या दुखण्याची शक्यता त्यांच्या पाठोपाठ घरात येते.

विदर्सपासून शेपटीपर्यंत बाजूने दिसणारी रेषा ती 'पाठीची रेषा'. शेवटच्या बरगडीपासून पुठ्ठ्यापर्यंतचा भाग म्हणजे कंबर, आणि बैलाला आपण जिथे पुठ्ठा म्हणतो तोच कुत्र्याचा 'क्रूप'. छातीचा तळ तो 'ब्रिस्केट'. छातीच्या तळापासून मागे पोट वर चढत जाते. त्या चढाला 'टक-अप' म्हणतात.

हे शब्द एका ओळखीच्या कुत्र्याला लावून पाहू. सांगली, सोलापूर, विजापूर, बागलकोट या भागात मेंढपाळ आणि शेतकरी जो उंच, सडपातळ शिकारी कुत्रा बाळगत आले, त्याला कारवानी कुत्रा म्हणतात. लांब रेशमी केसांच्या प्रकाराला पश्मी. कर्नाटकात त्याचे नाव मुधोळ हाउंड. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांनी त्याची जोपासना केली. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदीत तो 'कारवान हाउंड' आहे आणि २००५ साली भारतीय टपाल खात्याने काढलेल्या कुत्र्यांच्या चार तिकिटांत एक त्याचे आहे. त्याचे वर्णन असे करता येईल : विदर्सपाशी नर साधारण ७० सेंटिमीटरच्या आसपास, ब्रिस्केट खोल, कोपरापर्यंत आलेला, टक-अप ठळक, कंबर किंचित कमानदार, पुठ्ठा रुंद, डोके लांब आणि अरुंद, स्टॉप जेमतेम.

यातले काहीही नुसते शोभेसाठी नाही. खोल छातीत फुप्फुसे आणि हृदय यांना जागा मिळते. छाती रुंद न होता खोल झाल्यामुळे कोपर मोकळे राहतात. पोट वर चढलेले असल्याने चौखूर उधळताना मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढे येऊन पडू शकतात. कमानदार कंबर धनुष्यासारखी आवळते आणि सुटते. घोडा भरधाव धावताना दर फेकीत एकदा चारही पायांनी हवेत असतो. ग्रेहाउंड, कारवानी किंवा चित्ता दोनदा असतो, एकदा शरीर आवळलेले असताना आणि एकदा ताणलेले असताना. ग्रेहाउंड ताशी सुमारे ६५ किलोमीटर वेग गाठतो, तो याच बांधणीवर.

डोके : शब्दाने हाड बदलते

आता 'स्टॉप' म्हणजे काय ते पाहू. कपाळावरून नाकाकडे बोट सरकवत नेले की दोन डोळ्यांच्या मध्ये एक पायरी लागते. बोट जेथे अडते, तो स्टॉप. त्याच्या पुढचा, नाकाच्या टोकापर्यंतचा भाग 'मझल'. त्याच्या मागचा कवटीचा भाग संपतो तेथे, डोक्याच्या पाठीमागे, एक हाडाचा उंचवटा लागतो, तो 'ऑक्सिपुट'. वरच्या ओठाचे लोंबणारे पडदे 'फ्लूज', आणि गळ्याखालची सैल कातडी म्हणजे आपली बैलाची पोळीच.

कुत्र्याला ४२ दात असतात, वर २० आणि खाली २२. समोरचे वरचे दात खालच्या दातांना बाहेरून घासून बसले, तर तो 'कात्री-चावा'. लांडग्याचा जबडा असाच असतो आणि बहुतेक जातींत हाच मागितला जातो. खालचा जबडा पुढे आला तर 'अंडरशॉट', वरचा पुढे आला तर 'ओव्हरशॉट'. कारवानी कुत्र्यात अंडरशॉट हा मोठा दोष. बुलडॉगमध्ये तीच अट!

मानकाचा शब्द हाडावर कसा परिणाम करतो, याचा उत्तम पुरावा स्वित्झर्लंडमध्ये आहे. बर्न येथील निसर्गेतिहास संग्रहालयात सेंट बर्नार्ड जातीच्या कुत्र्यांच्या कवट्या साठवलेल्या आहेत. अ‍ॅबी ड्रेक आणि ख्रिस क्लिंगेनबर्ग या शास्त्रज्ञांनी सुमारे १२० वर्षांच्या काळातल्या अशा ४७ कवट्या मोजल्या आणि २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जुन्या कवट्यांपेक्षा नव्या कवट्या रुंद होत्या, त्यांचा स्टॉप जास्त खडा होता आणि डोळ्यांवरची कड अधिक पुढे आली होती. ही सारी लक्षणे जातीच्या मानकात लिहिलेली आहेत. वर्णन आधी कागदावर उतरले आणि कवटी पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याकडे सरकत गेली. कारण उघड आहे. रुंद डोक्याच्या कुत्र्याला बक्षीस मिळते, त्याचीच पिले लोक मागतात, आणि डार्विनने ज्याला माणसाने केलेली निवड म्हटले ती आपोआप घडते.

यात खरा घोळ विशेषणांचा आहे. मानकांत आकडे थोडे आणि 'आखूड', 'रुंद', 'ठळक' असे शब्द फार. आखूड म्हणजे किती आखूड? आज बक्षीस मिळवलेल्या कुत्र्यापेक्षा उद्याचा जरा आखूड तोंडाचा निघाला, तर तो मानकाला अधिक धरून आहे असे वाटते. या शब्दाला खालची पायरी नाही.

बुलडॉगचे तसेच झाले. बैलावर कुत्रे सोडण्याचा क्रूर खेळ ब्रिटनमध्ये १८३५ च्या कायद्याने बंद झाला. त्याआधीचे बुलडॉग कसे होते हे जुन्या चित्रांत दिसते. १८१७ सालचे 'क्रिब आणि रोझा' हे चित्र त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्यातल्या कुत्र्यांचे पाय आजच्यापेक्षा लांब आहेत आणि मझल स्पष्ट पुढे आलेले आहे. खेळ बंद झाल्यावर कुत्रा प्रदर्शनात आला आणि काम उरले नाही तेव्हा फक्त रूप उरले.

तोंड आखूड झाल्याने काय बिघडते? कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंज्यांच्या गाद्यांत असतात. तो धापा टाकून थंड होतो. नाकाच्या पोकळीत कागदाच्या सुरळीसारखी गुंडाळलेली पातळ हाडे असतात आणि त्यांवर ओला पडदा असतो. त्यावरून हवा गेली की पाणी उडून जाते आणि रक्त थंड होते. म्हणजे माठाचेच तत्त्व. मझल आखूड झाले की ही सुरळी दाबली जाते. त्यातही हाड आखूड झाले म्हणून आतले मांस त्या प्रमाणात कमी होत नाही. मऊ टाळू लांबच राहते आणि श्वासनलिकेच्या तोंडावर येते; नाकपुड्या फटीसारख्या होतात. पग किंवा बुलडॉग घोरतो तेव्हा आपल्याला हसू येते, पण त्याला हवा पुरत नसते. २०१५ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हा श्वासाचा विकार ज्या कुत्र्यांचे मझल कवटीच्या निम्म्याहून आखूड होते त्यांच्यातच आढळला, आणि मझल जितके आखूड तितकी विकाराची शक्यता जास्त. डोके रुंद आणि मादीचे पुठ्ठे अरुंद, यामुळे बुलडॉगची पिले नैसर्गिक रीतीने जन्मणेही अवघड झाले. ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्यांच्या दहापैकी आठांहून अधिक बाळंतपणांत पोट फाडून पिले काढावी लागली होती.

२००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे आपल्याकडे पग घरोघरी आला. आता विचार करा, नागपूर-चंद्रपूरचा मे महिना आणि ज्याचा माठ फुटलेला आहे असा कुत्रा.

ब्रिटनमध्ये हा प्रश्न २००८ साली बीबीसीच्या एका माहितीपटाने लोकांसमोर आणला. त्यानंतर केनेल क्लबने सगळ्या जातींची मानके तपासून अतिरेकाला वाव देणारे शब्द सौम्य केले, आणि प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक पॅट्रिक बेटसन यांचा चौकशी अहवाल २०१० साली आला. नेदरलँड्सने एक पाऊल पुढे टाकले. तेथे २०१९ पासून पैदाशीसाठी मझल कवटीच्या निदान एक तृतीयांश असावे, असा आकडाच घालून दिला. माझ्या मते हीच रीत शहाणपणाची. विशेषण ताणता येते, आकडा ताणता येत नाही. आणि हा आकडा खांद्याच्या ४५ अंशांसारखा कागदावर काढलेला नाही, कुत्र्यांवर मोजून काढलेला आहे.

चाल

शेवटी परीक्षक कुत्र्याला दुडकीत धावायला लावतो. दुडकीत समोरचा उजवा आणि मागचा डावा असे तिरपे जोड एकदम उचलले जातात, म्हणून दोन्ही बाजू सारख्या चालतात का हे लगेच कळते. वेग वाढला की चारही पंजे शरीराच्या मधल्या रेषेकडे पडू लागतात. हा दोष नव्हे. पंजा गुरुत्वमध्याच्या खाली पडला की अंग डोलत नाही. ओल्या वाळूत धावलेल्या कुत्र्याचा माग पाहिलात तर हे दिसेल.

उभ्या कुत्र्याचा फोटो मात्र फसवा असतो. जर्मन शेफर्डला प्रदर्शनात मागचा एक पाय लांब मागे ठेवून उभा करतात, त्यामुळे पाठ आहे त्याहून उतरती दिसते. आणि काही दोष डोळ्यांना दिसतच नाहीत. खुब्याच्या सांध्याची वाटी उथळ असण्याचा विकार मोठ्या जातींत पुष्कळ आढळतो. त्याला क्ष-किरण चित्रच लागते. ब्रिटनमधील गुणपद्धतीत प्रत्येक खुब्याला ० ते ५३ दोषगुण देतात. दोन्ही मिळून १०६ म्हणजे सर्वांत वाईट. प्रदर्शनातला चषक घेतलेल्या कुत्र्याचाही हा आकडा मोठा असू शकतो.

करून पाहा : घरच्या किंवा ओळखीच्या शांत कुत्र्याचा अगदी बाजूने, त्याच्या विदर्सच्या उंचीवर कॅमेरा धरून फोटो घ्या. अनोळखी कुत्र्याला हात लावू नका. त्याचा दुरून घेतलेला फोटोही चालेल. फोटोवर पातळ कागद ठेवून विदर्स, कोपर, हॉक, स्टॉप, नाकाचे टोक आणि ऑक्सिपुट यांवर ठिपके द्या. उंची आणि लांबी पट्टीने मोजून त्यांचे गुणोत्तर काढा. तसेच स्टॉप ते नाक या अंतराला स्टॉप ते ऑक्सिपुट या अंतराने भागा. पग, अल्सेशियन, कारवानी आणि आपल्या गल्लीतला गावठी कुत्रा, अशा चौघांचे आकडे एका तक्त्यात मांडा. गावठी कुत्र्याचे मानक कोणी लिहिलेले नाही. त्याचे आकडे इतर तिघांच्या मानाने कोठे बसतात, ते तक्त्यातच पाहा.